लाल मोटारीतली मालकाची जागा

घराण्याच्या हिताचा निर्णय घेताना माणसाने स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवावी, घरातल्या लहानथोरांच्या गरजा नीट विचारात घ्याव्यात आणि मगच पाऊल उचलावे, असे मी आजवर पुष्कळांना सांगत आलो आहे. मी स्वतः असा निर्णय आयुष्यात एकदाच घेतला. त्याचा रंग लाल होता आणि त्याला दोन आसने होती.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसरे महायुद्ध सुरू व्हायच्या काही वर्षे आधीची. मी जालन्यात वकिली करत होतो. घरात आम्ही पाचजण होतो: मी, बायको, तीन वर्षांची मुलगी, माझी आई आणि सगळ्यांच्या वर माझे मोठे काका. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून काकाच घर चालवत आले. आमच्याकडे एकेकाळी देशमुखी होती. माझ्या वेळेपर्यंत ती थोडी जमिनीत, थोडी कागदपत्रांत आणि उरलेली सगळी काकांच्या फेट्यात शिल्लक राहिली होती.

देशमुखांच्या घरातल्या बायकांनी गोशात राहायचे, हा तेव्हाचा रिवाज. परक्या पुरुषापुढे यायचे नाही आणि सुनेने तर घरातल्या थोरल्या पुरुषालाही तोंड दाखवायचे नाही. लग्न होऊन सात वर्षे झाली तरी माझी बायको काकांशी एक शब्द बोललेली नव्हती. काकांना चहात साखर कमी हवी असली तर ते स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगत. दुसऱ्या दिवशी साखर कमी असे. आमच्या घरातली भिंत मोठी समजूतदार होती.

बायकोचे माहेर वडीगोद्रीला. जालन्याहून तीसेक मैल, पण बैलगाडीने अंबडला मुक्काम धरून दीड दिवस लागे. अंबडपर्यंत सर्व्हिस मोटार जात असे. तिच्यात मात्र कोंबड्या, तंबाखूची पोती आणि परके पुरुष एकाच बाकावर बसत, म्हणून आमच्या घरच्या बायकांना ती बंद होती. बाळंतपण, मुलीचे दुखणेखुपणे आणि माझ्या तारखा यांत चार वर्षे गेली आणि तिचे माहेरी जाणे झाले नाही. मुलीला आजीने पाहिलेलेच नव्हते.

मग तिच्या भावाचे पत्र आले. आईच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला आहे, माणूस आता आकारावरून कळतो, पोरीचे तोंड एकदा बघू द्या म्हणते, असे त्यात होते. बायकोने ते पत्र माझ्या कायद्याच्या पुस्तकावर आणून ठेवले. मी वाचून वर पाहिले.

"गाडीबैलानं जायचं म्हणलं तर सुगीत बैल मोकळे न्हाईत," ती म्हणाली. "सुगी सरंपर्यंत आई पोरीला हातानंच चाचपून बघंल."

एवढेच बोलून ती आत गेली. तिने मागणी केली नव्हती, म्हणून मला नकारही देता येईना. मी काकांकडे गेलो. काकांनी पत्र ऐकले, मिशी दोनदा सारखी केली आणि म्हणाले, "मोटार घ्या. जुनी चालंल. बंद पाहिजे, पडदे पाहिजेत. आन रंग काळा. आपण काय सर्कसवाले न्हाईत."

एवढ्या सहज होकार येईल असे मला वाटले नव्हते. काका स्वतः बरोबर येणार होते, कारण आमच्या घरची सून माहेरी जाताना घरचा वडीलधारा सोबत असलाच पाहिजे. सुनेबरोबर सासूही हवी. म्हणजे गाडी पाचांची पाहायची होती.

त्याच सुमारास तालुक्यातल्या एका जहागीरदारांच्या हवेलीत दोन जुन्या मोटारी काढायच्या आहेत, असे कळले. मी कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रींना बरोबर घेतले. हे मिस्त्री जालन्यात यंत्रांचे हकीम समजले जात. ते इंजिनाला कान लावत, डोळे मिटत आणि मग घरच्या लोकांना बाजूला घेऊन हळूच निदान सांगत.

पहिली मोटार काकांनी सांगितली होती अगदी तशी होती: काळी, बंद, आत मखमली गाद्या आणि खिडक्यांना जांभळे पडदे. दारावर दोन वाघ एक ढाल धरून उभे होते. जहागीरदारांच्या कारभाऱ्यांनी आम्हांला आधी वाघ दाखवले, मग पडदे, मग कुठल्या बड्या हाकिमाने कोणत्या गादीवर बसून पान खाल्ले ते दाखवले. इंजिन दाखवायचे त्यांच्या मनात नव्हते. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, हँडल मारायला लावले, कान लावला. गाडी थरथरली, तिने काळा धूर सोडला आणि वाघांसकट डोलून गप्प झाली.

मिस्त्रींनी मला बाजूला घेतले. "वकीलसाब, ये गाडी बैठने की है. जाने की नै."

दुसरी मोटार गोठ्याच्या छपराखाली होती. जहागीरदारांच्या थोरल्या चिरंजीवांनी ती शर्यतीच्या नादाने सिकंदराबादेहून आणली होती आणि लग्न झाल्यावर सासऱ्यांच्या सांगण्यावरून सोडली होती. बुटकी, लांब नाकाची, कुंकवापेक्षा जराशी गडद लाल. पुढे दोन माणसांची जागा, वर दुमडता येणारा कापडी टप. तिच्यावर कोंबडीची पिसे होती. मिस्त्रींनी कान लावला आणि या वेळी डोळे मिटले ते उघडायला वेळ लावला.

"ये जाने की है," ते म्हणाले. "बैठने का आप देख लेव."

मी चाकामागे बसलो. मोटार चालवायला मी एका पक्षकाराच्या गाडीवर शिकलो होतो. मंठ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. तेव्हा माझ्या मनात माझ्या कुटुंबातले एकही माणूस नव्हते, हे मी आज कबूल करतो. बाभळी मागे पळत होत्या, टोपी उडून मिस्त्रींच्या मांडीवर पडली होती आणि बारा वर्षे उर्दूतून अर्ज लिहिणारा मी माणूस मोठ्याने हसत होतो. परत आलो तेव्हा माझी बाजू तयार झाली होती: काळी गाडी वडीगोद्रीला पोहोचणार नाही, सबब घराण्याचे हित लाल गाडीत आहे. युक्तिवाद खरा होता. फक्त मी तो निकालानंतर शोधला होता.

"और चार-पाच आदमी?" मी मिस्त्रींना विचारले.

त्यांनी मागे जाऊन एक मूठ फिरवली. गाडीच्या शेपटीकडचे झाकण वर उचलून मागे कलले आणि आत दोन माणसांपुरते चामड्याचे आसन निघाले. वर टप नाही, आडोसा नाही, नुसते आकाश. आज आपण सामान ठेवतो त्या डिकीत तेव्हा काही गाड्यांना असे बाक असे.

मिस्त्रींसह गाडी दाराशी आणली. काका बाहेर आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, दुसरी घातली. आई दारातून पाहत होती. बायको दारामागून पाहत होती. पदराची कड तेवढी दिसत होती. मला त्या कडेकडे पाहवेना. काकांनी एक शब्द उच्चारला असता तर गाडी परत गेली असती आणि सुगी संपेपर्यंत सगळेच लांबले असते.

"लाल हाय," काका म्हणाले.

"हो."

"पडदे कुठंयत?"

"टप आहे काका. बाजूंनी चादर बांधता येईल."

"आन मालकाची जागा कोणती?"

आमच्या भागात जितक्या मोटारी होत्या, तितक्यांत नोकर पुढे बसून गाडी हाकी आणि मालक मागे बसे. ज्याला मान, तो मागे. मिस्त्री कसनुसे झाले आणि पुसायला काही नसताना दिवा पुसू लागले. काकांनी मागच्या उघड्या आसनाकडे पाहिले. ते बाकीच्या गाडीपेक्षा हातभर उंच होते.

"मालक मागं बसतो," काकांनी स्वतःच सांगितले. "हे बराबर हाय. चांगलं अंबारीसारखं हाय."

ती जागा मालकाची नाही, हे मला मासिकांतल्या चित्रांवरून माहीत होते. पण समोरच्या पक्षाने आपणहून कबुली दिली की वकिलाने मध्ये बोलू नये. दारामागची पदराची कड आत गेली आणि थोड्याच वेळात आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

निघायच्या दिवशी बसायचा प्रश्न आमच्या रिवाजाने आपोआप सोडवला. माझी आई नात्याने काकांची भावजय, तिने त्यांच्या शेजारी बसायचे नाही. सुनेचा तर प्रश्नच नाही. तेव्हा दोन माणसांच्या डिकीत काका एकटे, पायाशी ट्रंक आणि मांडीवर दशम्यांची टोपली. दोन माणसांच्या पुढच्या बाकावर चाकाशी मी, मध्ये मांडीवर मुलगी घेऊन बायको, आणि कडेला आई, कारण तिला मळमळे. गिअर बदलायचा असला की मी सांगायचे आणि बायकोने गुडघे सरकवायचे. पुढे साडेतीन माणसे कोंबलेली आणि मागे एकटे घराणे.

निघाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. काका मागे आणि मध्ये टपाचे कापड, त्यामुळे बायकोला ते दिसत नव्हते आणि त्यांना ती. अंबडचा रस्ता लागल्यावर तिने डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. थोरल्या माणसाच्या सोबतीत असताना सात वर्षांत पहिल्यांदा. कपाशी फुटली होती. ती वाकून दोन्हीकडची रानं बघत होती आणि मुलीला दाखवत होती.

"काका ठीक आहेत का?" मी ओरडून विचारले.

मागून उत्तर आले, "चालू द्या!" आणि पाठोपाठ तीन शिंका. रस्त्यावरची सगळी माती चाकांनी उचलून डिकीत पोहोचवली होती.

वाटेत दुधना नदी. तिच्यावर तेव्हा आमच्या वाटेला पूल नव्हता, पाणी घोट्याएवढे. मिस्त्रींनी बजावले होते, "इसका पेट नीचे है. नदी में जल्दी नक्को, आहिस्ता जाव." मी आहिस्ता उतरलो. मग पाणी बाजूंनी उडायला लागले, मुलगी टाळ्या पिटायला लागली आणि मला मंठ्याचा रस्ता आठवला. मधोमध गाडीने पोट वाळूत टेकले आणि ती बंद पडली.

थोड्याच वेळात दोन्ही काठांवर माणसे जमली. माणूस अशा वेळी कुठून येतो देव जाणे. लाल मोटार, तिच्या शेपटीवर फेटा बांधलेला, नखशिखांत मातीने माखलेला एक ताठ म्हातारा. काठावरून कोणीतरी ओरडले, "आरं, मिरवणूक थांबली का काय?" लोक हसले. बायकोने पदर पुढे ओढला, तो हनुवटीपर्यंत. आई हळूच म्हणाली, "आता काका माघारी चला म्हणतील बघ." मलाही तेच वाटत होते. घराण्याच्या बायका भर नदीत, गावाच्या तोंडासमोर. यापेक्षा कितीतरी कमी कारणावरून काकांनी लग्नाची वऱ्हाडे परत फिरवलेली मी पाहिली होती. बायकोचा हात मुलीच्या पाठीवर होता आणि तो थांबला होता.

बैलांना पाणी पाजायला आलेला एक शेतकरी बैलजोडी घेऊन पुढे आला. त्याने गाडीचे नाक निरखले, दोर बांधला.

"वजन कमी करा मालक. एक माणूस उतरा."

बायका उतरू शकत नव्हत्या. काकांना पाण्यात उतरवणे कोणाच्याही मनात आले नाही. उरलो मी. धोतर वर खोचून मी उतरलो, निघताना गळ्यात अडकवलेला माझा डबा कॅमेरा तसाच.

"आन चाक कोण धरतंय?" शेतकऱ्याने विचारले. "न्हाई धरलं तर गाडी आडवी व्हईल."

मग आई बायकोला म्हणाली, "पोरीला दे हिकडं. तू सरक."

बायको सरकली. टपाच्या सावलीत तिचे दोन हात चाकावर आलेले मी पाहिले. बारा मैल ती माझे हात बघत आली होती. शेतकरी काकांकडे वळला. मान कोणाला द्यायचा हे त्याला फेट्यावरून कळले होते.

"मालक, कोन्या काठाला ओढू? जालन्याकडचा जवळ हाय."

काकांनी मागे पाहिले, पुढे पाहिले. मिशीवरची माती झटकली.

"सूनबाईच्या माहेराकडच्या," ते म्हणाले. "जुंप."

परक्या माणसांसमोर काकांनी सुनेचा उल्लेख केलेला मी तेव्हाच ऐकला. मग त्यांनी टपाच्या कापडाकडे तोंड केले, घरी भिंतीकडे करत तसेच, आणि म्हणाले, "चाक सरळ धरायला सांगा."

कापडाने बरोबर ऐकले. बैलांनी खांदे दिले, वाळू सुटली आणि मोटार सरळ रेषेत अंबडच्या काठाला लागली. हे चालू असताना मी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होतो आणि करण्यासारखे काही नव्हते, म्हणून एक फोटो काढला.

इंजिन वाळवून, हँडल मारून आम्ही वडीगोद्रीला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. सासूबाई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. बायको धावली. त्यांनी तिचे तोंड दोन्ही हातांत धरले, जवळ नेले, आणखी जवळ नेले. मग तिच्या खांद्यावरून अंगणाकडे पाहून विचारले, "ते लाल काय दिसतंय गं?"

"मोटार हाय आई."

"मला दिसून राह्यलीय की!" त्या म्हणाल्या. त्यांना गेले दोन महिने ओसरीपलीकडचे काही दिसले नव्हते. आम्ही मुलीला त्या लाल नाकावर, उन्हात बसवले. आजीने नाकाला नाक लागेल इतके जवळ जाऊन तिला बघितले, खूप वेळ. मुलगीही बघत राहिली. "डोळे आमच्याकडचे हायत," असा निवाडा झाला. "नाक न्हाई. नाक तिकडून आलंय." काळ्या मोटारीला वाघ असूनही हे जमले नसते, असे मी त्या दिवसापासून मानतो. त्यात माझी अक्कल काहीच नव्हती.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत सासूबाईंची नजर पूर्ण गेली. तोवर आम्ही वडीगोद्रीला आणखी चार वेळा जाऊन आलो. प्रत्येक वेळी काका डिकीत. जालन्यात त्याचा परिणाम झाला. आमचे काका मागे उघड्यावर बसतात म्हटल्यावर ती नवी पद्धत असावी असे लोकांना वाटले. दुसऱ्या एका घराण्याने तशीच गाडी आणली आणि तिथले थोरले मालक भर उन्हात डिकीत बसून लग्नकार्यांना जाऊ लागले. त्यांच्या बंद गाडीत म्हणे नोकर बसत.

युद्धात पेट्रोल मिळेनासे झाले आणि गाडी छपराखाली गेली. निजामाचे राज्य ज्या वर्षी संपले, त्याच वर्षी काही महिने आधी काका गेले. भेटायला मिस्त्री आले होते. म्हणाले, "वकीलसाब, एक बात बोलूं? गाडी आयी उस दिन शाम को काकासाब मेरे पास आए थे. पूछे, वो पीछे की सीट किस के वास्ते है, बिलकुल सच बोलो."

"तुम्ही काय सांगितलं?"

"सच बोला. नोकर के वास्ते, सामान के वास्ते. साहब लोगां कुत्ता बिठाते. सुन लिए. फिर बोले, बच्ची की नानी को दिखता नै. किसी को बोलना नक्को."

मी आत जाऊन हे बायकोला सांगितले. तिने हातातले काम थांबवले, भिंतीकडे पाहिले आणि पदर डोक्यावर घेतला.

नदीतला तो फोटो मोठा करून आम्ही बैठकीत लावला आहे. काकांचा तेवढाच एक फोटो. ताठ पाठ, उंच आसन, नजर दूर. चाकामागे बायको आहे, पण टपाच्या सावलीत ती दिसत नाही. येणारा जाणारा थबकतो आणि हा कुठल्या दरबाराच्या स्वारीचा फोटो, असे अदबीने विचारतो. स्वारी बैल ओढत होते. ते फोटोत मावले नाहीत.